ठाण्याच्या नौपाड्यातलं रेकॉर्डचं दुकान: प्रोग्रेसिव्ह रॉकसाठी जावं का?

जावंच. इथे प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताचा, खण वेगळा लावलाय. 'येस', 'जेनेसिस', 'किंग क्रिमसन' हे बँड. पन्नास वर्षं उलटली तरी या तबकड्या खणात फार दिवस राहत नाहीत.

मालक वाजवून दाखवतात. टर्नटेबलवर ऑर्टोफोन २एम रेड ही कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आहे, सुईचा भार बरोब्बर १.८ ग्रॅम. मात्र सुरुवात ऐकून पैसे देऊ नका, तबकडीच्या बाजूचा शेवट ऐका. या संगीतात कधी कधी एकच रचना अख्खी बाजू व्यापते: येसची 'क्लोज टू द एज' (१९७२) जवळपास १९ मिनिटांची. बाजू जितकी लांब, तितक्या खाचा दाटीने कापाव्या लागतात, आवाजाची पातळी खाली येते आणि धुळीची करकर वर येते. त्यात लेबलजवळ खाचेचा घेर लहान. आधीच्या मालकाने झिजलेली सुई वापरली असेल, तर नेमक्या शेवटच्या चढत्या भागात आवाज फाटतो आणि तो धुऊन सुधरत नाही.

धुण्याचं काम चोख: डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, लेबल कोरडं.

खटकतात ती आतली कागदी पाकिटं. ठाण्याच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो, बुरशी थेट खाचेत उतरते. घरी नेल्यावर लगेच प्लॅस्टिक अस्तराची पाकिटं घाला, तबकड्या उभ्याच ठेवा.

जेथ्रो टल या बँडच्या 'थिक ॲज अ ब्रिक'ची मूळ आवृत्ती मिळाली, तर वर्तमानपत्रासारख्या केलेल्या कव्हरची १२ पानं मोजून घ्या.