सूत्रांचं डॉक्युमेंटेशन: मार्कडाऊन घ्यावं की आरएसटी?

पायथन लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन लिहायचंय, त्यात सूत्रं भरपूर आहेत आणि मार्कडाऊन की आरएसटी (रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट), ह्या साध्या मजकुरात खुणा घालून पानं बनवायच्या दोन पद्धतींपैकी कशात लिहायचं ह्यावर अडलाय, तर माझा अनुभव सांगतो, दोन्ही वापरून झालंय. कोल्हापुरात शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांसाठी कास्टिंगचं वजन आणि थंड व्हायचा वेळ काढणारी छोटी लायब्ररी आहे आमची, त्यामुळं पानापानावर सूत्रं.

लिहायला मार्कडाऊन सोपं, वादच नाही. डॉलरच्या मध्ये सूत्र टाकलं की झालं. आरएसटीत कोलन, बॅकटिक, रिकामी ओळ, इंडेंट सगळं जाग्यावर लागतं, सुरुवातीला लई वैताग येतो.

पण माझं मन उडालं ते एका कॉमामुळं. आकडा आणि युनिट यांच्यात बारीक जागा सोडायला लॅटेकमध्ये (सूत्रं लिहायची खुणांची भाषा) बॅकस्लॅश आणि पुढं कॉमा देतात. मार्कडाऊनला वाटतं बॅकस्लॅश एस्केपचा आहे, म्हणजे पुढचं चिन्ह साधंच धरा असं सांगणारा, ते तो खातं आणि पानावर सूत्र काढून दाखवणाऱ्या मॅथजॅक्सच्या हातात नुसता कॉमा येतो. बिडाची घनता ७२००, त्याला चिकटून कॉमा, मग किलो प्रति घनमीटर, असं पानावर आलं. ना एरर ना वॉर्निंग. आठवड्यानं एका फौंड्रीतनं फोन, "कॉमाच्या पुढचा आकडा राहिलाय काय हो?" तेव्हा कळलं. मग सगळी पानं तपासली तर मॅट्रिक्समध्ये पण तेच, ओळ तोडायच्या दोन बॅकस्लॅशपैकी एकच उरलेला, त्यामुळं पहिल्या ओळीचा शेवटचा आकडा आणि दुसऱ्या ओळीचा पहिला एकाच खान्यात.

मॅथ एक्स्टेन्शन लावलं की हे थांबतं, मिस्ट ह्या मार्कडाऊनच्या वाढीव प्रकारात डॉलरमॅथ नावाचं तसलं एक्स्टेन्शन चालू केलं तर सूत्राला हात लागत नाही, हे खरंय. पण तीच फाईल दुसऱ्या टूलमध्ये नेली की परत नव्यानं तपासा.

आरएसटीत सूत्र आहे तसं पुढं जातं. इंडेंट चुकलं तर स्फिंक्स, म्हणजे ह्या फाईलींची पानं बनवणारं टूल, फाईल आणि ओळ नंबर सांगून वॉर्निंग देतो. लॅटेकचा कंस विसरला तर मात्र त्याला पण कळत नाही, ते पान उघडल्यावरच दिसतं. आणि डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमध्येच अवतरणात लिहिलेलं वर्णन) लॅटेकचा थीटा लिहिला की बॅकस्लॅश आणि टी मिळून टॅब होतो, पुढं नुसतं 'हेटा' उरतं. तो घोळ पायथनचा, दोन्हीकडं होतो, अवतरणाच्या आधी 'आर' लावला की मिटतो.

पानाला एखादंच सूत्र असेल तर मार्कडाऊन बरंच आहे, तुमचं काम वेगळं असू शकतं. आम्ही दोन शनिवार घालून सगळं आरएसटीत हलवलं, सगळ्यात आधी घनतेचं पान.