ह्युमिडिफायर घेताना आधी नळाचं पाणी बघा

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकात ओठ फुटू लागले, सकाळी नाकात खपल्या धरल्या की ह्युमिडिफायरची चौकशी सुरू होते. दुकानदार टाकी किती लिटरची आणि दिवा किती रंगांचा ते सांगतो. त्याला विचारायचं ते वेगळंच : हे यंत्र पाणी हवेत सोडतं कसं? कुठलं पाणी भरावं लागेल आणि धुण्याचा व्याप किती, हे त्यावरच ठरतं.

आपल्याकडे सहज मिळतो तो अल्ट्रासॉनिक. तळाची चकती सेकंदाला दहा लाखांहून जास्त वेळा थरथरते आणि पाण्याचे सूक्ष्म थेंब उडवते. वीज किरकोळ, पंचवीस-तीस वॅट. आवाज जवळजवळ नाही. पण जे धुकं दिसतं ती वाफ नव्हे, ते पाणीच. त्यात विरघळलेले क्षारही थेंबांबरोबर हवेत जातात. बोअरचं पाणी ५०० टीडीएसचं (म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार) असेल आणि रात्रभरात दोन लिटर उडालं, तर एक ग्रॅम क्षार खोलीत पसरले. टीव्हीवर, कपाटावर जी पांढरी भुकटी बसते ती हीच, आणि थोडी श्वासातूनही आत जाते. म्हणून यात आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी भरायचं. आरओच्या सांडपाण्याच्या नळीतलं पाणी मात्र चुकूनही नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात. टाकी रोज रिकामी करून पुसायला हवी, कारण आत बुळबुळीत थर धरला की जंतूही त्याच धुक्यात स्वार होतात.

बाष्पीभवनाचा ह्युमिडिफायर म्हणजे ओली जाळी आणि तिच्यातून हवा ओढणारा पंखा. विदर्भातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको, त्यांचा कूलर याच तत्त्वावर चालतो. इथे हवेत फक्त बाष्प जातं, क्षार जाळीतच अडकतात. त्यामुळे साधं नळाचं पाणीही चालतं. शिवाय हवा दमट होत गेली की बाष्पीभवन आपोआप मंदावतं, त्यामुळे खोली भिजण्याची धास्ती कमी. तोटे : पंख्याची घरघर, जाळी ठरावीक काळाने बदलण्याचा खर्च, आणि भारतात पर्याय मोजके. बोअरचं पाणी असणाऱ्या घरासाठी मी तरी डोळे झाकून हाच सुचवेन.

तिसरा प्रकार पाणी उकळून खरी वाफ सोडणारा. उकळीत जंतू मरतात, क्षार भांड्यात राहतात. पण एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट वीज लागते, म्हणजे रात्रीचे दोन लिटर धरले तर दीड युनिटच्या आसपास. थंडीत खोली किंचित उबदार होते, एवढं सुख. लहान मूल घरात असेल तर हा नकोच. उकळत्या पाण्याने भाजण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही मुलांच्या खोलीत गार धुक्याचं यंत्र ठेवायला सांगते. सर्दीत घ्यायचं वाफाऱ्याचं मशीन वेगळं, त्याने खोलीची हवा बदलत नाही.

यूएसबीवर चालणारी टेबलावरची खेळणी सोडून द्या. दहा बाय बाराच्या खोलीत २५ अंशाला आर्द्रता ३० वरून ५० टक्क्यांवर न्यायला दीडशे ग्रॅमच्या आसपास बाष्प लागतं, आणि दाराखिडक्यांच्या फटींतून ते सतत निसटत असतं. तासाला तीस मिली सोडणारं यंत्र तिथे कुठे पुरणार?

टाकीत जंतुनाशक घालायचा मोह कुठल्याच प्रकारात नको. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरसाठीच विकली जाणारी अशी द्रावणं वर्षानुवर्षं घरोघरी वापरली गेली. त्यांनी फुप्फुसं निकामी होतात हे २०११ साली उघड झालं, आणि बळींमध्ये लहान मुलं व गर्भवती बायका बऱ्याच होत्या. सुगंधी तेलही नको, ते डिफ्यूझरचं काम.

या सगळ्याआधी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आणा. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असेल तर खरेदी रद्द. ६०च्या वर गेलात तर भिंतीला बुरशी आणि गाद्यांत धुळीतले किडे. मुंबई-कोकणात बहुतेक घरांना या यंत्राची गरजच नाही. एसीमुळे घसा सुकतो म्हणून घेणाऱ्यांनी एसीच्या नळीतून बाहेर ठिबकणारं पाणी बघावं : इकडून ओतलेली आर्द्रता तो तिकडून काढत असतो. तिथे तापमान दोन अंश वाढवून बघणं स्वस्त पडेल.

अमेरिकेतल्या मिनेसोटात किंवा कॅनडातल्या टोरांटोत राहणाऱ्यांचा हिशेब निराळा. बाहेरची उणे १० अंशांची हवा घरात २१ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता जेमतेम १०-११ टक्क्यांवर येते, आणि एकाच खोलीतलं यंत्र अख्ख्या घराला पुरत नाही. स्वतःचं घर असेल तर फर्नेसला (घर तापवणाऱ्या भट्टीला) जोडायचा ह्युमिडिफायर बसवून घ्या, भाड्याचं असेल तर मोठ्या टाकीचा बाष्पीभवनवाला आणा. खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचायला लागलं की तो कमी करायचा.