हातमोजा बाहुली: घेताना काय बघावं, घरी कशी वापरावी

"आज वर्गात माकड आलं आणि बाईंचा डबा घेऊन पळालं!" चार-पाच वर्षांचं मूल जेवताना असं काही सांगतं, तेव्हा त्याला हवी असते तुमची नजर. रोज नवं माकड आणणाऱ्या किंवा 'चिंटू' नावाच्या काल्पनिक मित्रासाठी वेगळं ताट मागणाऱ्या मुलासाठी कापडी हातमोजा बाहुली ही उत्तम खरेदी आहे. मात्र बहुतेक बाहुल्या मोठ्यांच्या हाताच्या मापाने शिवलेल्या असतात.

तोंड उघडझाप करणारी बाहुली या वयाला नको. शब्दागणिक बोटं हलवताना इवलं मनगट लगेच दमतं. हातमोज्यात तर्जनी डोक्यात आणि अंगठा व मधलं बोट बाहुलीच्या दोन हातांत जातं, ते सोपं. अडतं मानेपाशी. मानेची नळी रुंद असली की डोकं मागे लोंबतं आणि मूल बाहुली फेकून देतं. जाड पुठ्ठ्याची ४ सेंटिमीटर रुंद पट्टी मुलाच्या बोटाभोवती सैलसर गुंडाळून चिकटवा, ती नळी मानेत सरकवून दोन टाके घाला. डोकं कापसासारख्या हलक्या भरणाचं हवं, पोकळ रबरी डोकं जड होतं. डोळे भरतकामाचे घ्या. बटणाचे डोळे निघतात, आणि घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर ते घशात अडकण्याचा धोका असतो. बाहुली उलटी करून आतले सुटे धागे कापा, ते बोटाला आवळतात. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे.

चेहरा साधा असावा. कार्टूनमधल्या पात्राचं नाव, आवाज, स्वभाव आधीच ठरलेला असतो, मग मुलाला रचायला काय उरलं?

वापर रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, फोन दुसऱ्या खोलीत. बाहुली मुलाच्याच हातात. तुम्ही बाहुलीकडे बघून विचारायचं, "मग माकड कुठे गेलं?" इथे "खरंच झालं का असं?" हा प्रश्न आला की खेळ संपलाच. जेवताना पुन्हा माकड निघालं तर शांतपणे, "ही बाहुलीची गोष्ट की शाळेत घडलेली?" मूल सहसा स्वतःच सांगतं, कारण खोटं पकडलं गेल्याची लाज त्यात नसते. बाहुलीच्या तोंडून रागावणं, दूध प्यायला लावणं हे मात्र कटाक्षाने टाळा. दोन दिवसांत मूल तिला हात लावणार नाही.

चिंटूला बाहुलीत कोंबू नका. त्याचं रूप मुलाच्या मनात पक्कं असतं; बाहुली ही चिंटूची मैत्रीण म्हणून आणली तर चालते. मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा मित्र होता, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही.

एका बाबतीत बाहुली बाजूला ठेवायची. कुणी मारलं, नको तिथे हात लावला असं मूल म्हणालं तर त्याला 'गोष्ट' म्हणू नका आणि बाहुलीकरवी उलटतपासणीही नको. शब्द जसेच्या तसे ऐकून घ्या आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.