मागच्या अंगणातली पेव्हर ब्लॉकची वाट, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्यावर

होळीच्या आधी मागच्या दारापासून मोरी आणि पुढे बोअरपर्यंत पेव्हर ब्लॉकची वाट करून घेतली, आता दिवाळी तोंडावर आली, म्हंजे जळगावचा मे पण बघून झाला आणि पावसाळा पण, म्हणून आता लिहितोय. कमी पैशात न घसरणारी वाट पाहिजे असेल तर माझं मत सरळ आहे: 60 एमएम जाडीचे मशीनवर दाबलेले खरखरीत ब्लॉक घ्या, आणि रंग-डिझाइनवर वाचलेले पैसे खालच्या मुरुमात घाला.

आमची जमीन काळी, कपाशीला एक नंबर, पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पाऊस लागला की चप्पल चिखलातच राहते. आई पहाटे अंधारात मोरीकडे जाते, गुडघे दुखतात तिचे, तिच्यासाठीच हे सगळं केलं.

गवंडी म्हणत होता सरळ काँक्रीट ओता. पण काळी माती पाण्याने फुगते नि वाळली की आकसते, त्यामुळे पातळ काँक्रीटला तडे जातातच, शेजारी दोन घरांत बघितलेत. शहाबादी फरशी चांगली दिसते पण सिमेंटवर बसवायची तर मजुरी वाढते, आणि रोजच्या वापराने ती गुळगुळीत होत जाते, वर साबणाचं पाणी सांडलं की मग विचारूच नका. नुसती खडी स्वस्त पडते, घसरत पण नाही, पण म्हातारं माणूस काठी घेऊन चाललं की काठी रुतते.

आता महत्त्वाचं. पेव्हर ब्लॉक म्हंजे सगळे सारखे नसतात. रबराच्या साच्यात ओतलेले येतात ते वरून चकचकीत, लाल-पिवळे, फोटोत मस्त दिसतात, पण ओले झाले की पाय सरकतो. मशीनवर दाबलेले असतात ते दिसायला साधे, करडे, वर कणी लागते हाताला. तेच घ्यायचे. घेताना ब्लॉकवर तांब्याभर पाणी ओता आणि झिजलेली स्लिपर घालून वर पाय घासून बघा, लगेच कळतं. मला स्क्वेअर फुटाला 50 रुपयांच्या आतच पडले, गाडीभाडं वेगळं.

खालचं काम मात्र स्वतः उभं राहून करून घ्या. काळी माती वीतभर तरी काढून टाकायची, त्यात मुरूम थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकायचा, वर दीड इंच क्रशरची कच म्हंजे दगडाचा बारीक चुरा, मग ब्लॉक. दोन्ही कडांना सिमेंटची पट्टी पाहिजेच, नाहीतर कडेचे ब्लॉक बाहेर सरकायला लागतात आणि मग मधले पण ढिले होतात. उतार मीटरला 2 सेंमी, भिंतीपासून लांब. पाणी साचलं तिथे शेवाळ धरणारच, मग ब्लॉक कितीही खरखरीत असू दे.

पावसाळ्यात काय झालं तर लिंबाच्या झाडाजवळ एक पट्टा थोडा खाली बसला. ब्लॉक उचलले, कच टाकली, परत बसवले, दुपारभरात काम झालं, काँक्रीट असतं तर फोडायलाच लागलं असतं. मोरीच्या बाजूला ऊन येत नाही, तिथे ऑगस्टमध्ये हिरवट शेवाळ आलं. ब्लिचिंग पावडरचं पाणी टाकून थोडा वेळ ठेवलं, खराट्याने घासलं, भरपूर पाण्याने धुतलं, निघालं. संडास धुवायचं ॲसिड तिथे चुकूनही वापरू नका, सिमेंट खातं, आणि ब्लिचिंगमध्ये मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

फटीतून लव्हाळा वर येतो, हे खरंच त्रासाचं आहे, वरून तोडून उपयोग नाही, पाऊस पडून गेल्यावर माती ओली असताना गाठीसकट ओढायचा. मुंग्या पण कच बाहेर काढतात. दसऱ्यानंतर कोरडी कच पसरवून झाडूने फटीत भरून घेतली, ओली कच वरच अडकते.

उन्हाचं पण सांगतो, मे महिन्यात दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही. करडे फिक्के ब्लॉक गडद रंगापेक्षा कमी तापतात पण तापतातच, भुसावळ-जळगावकडच्या 45 डिग्रीत कुठला दगड थंड राहणार. संध्याकाळी बादलीभर पाणी मारलं की बरं वाटतं.

आई आता भिंत न धरता जाते, परवा म्हणे, "आते पाय सरकत नही." रुंदी मात्र तीन फूट तरी ठेवा, उद्या वॉकर लागला किंवा कोणाला हात धरून न्यायची वेळ आली तर दोन फुटात जमत नाही. आमची तीन फूट आहे, पुढच्या उन्हाळ्याआधी तीच गोठ्यापर्यंत वाढवणार आहे, त्यासाठी मुरुमाची ट्रॉली सांगून ठेवलीय.