२६ टी, १८ इंची एमटीबी: कुणाला बसते, कुणाला नाही

लातूर, परभणी, बीड, जालना, सायकलच्या कुठल्याही दुकानात जा, पहिला प्रश्न ठरलेला: ‘२६ पाहिजे का २९?’ हा आकडा चाकाचा. सायकल अंगाला बसेल का, हे ठरतं फ्रेमवर, आणि तिचं माप कुणी विचारतच नाही. कारण दहा हजारांच्या आतल्या बिनगिअरच्या २६ टी (२६ इंची चाकाच्या) एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, बहुतेक एकाच फ्रेममध्ये येतात, १८ इंची. हे परीक्षण त्याच सायकलीचं.

१८ इंच म्हणजे पायडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या फ्रेममधल्या ॲक्सलच्या मध्यापासून सीटचा पाइप फ्रेममध्ये शिरतो तिथपर्यंतचं अंतर, सुमारे ४६ सेंमी.

आता आपलं माप. पँटचं माप इथं चालत नाही, ते घोट्यापाशी संपतं. चप्पल काढा, भिंतीला पाठ टेकवा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. पुठ्ठ्याची जाड वही दोन्ही पायांमध्ये आडवी धरून वर ओढा, सीटवर बसल्यावर येतो तेवढा दाब आला पाहिजे. वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून सेंमीत मोजा. याला ०.२२६ ने गुणलं की एमटीबीची फ्रेम इंचात मिळते. पाय ८० सेंमी असेल तर उत्तर येतं १८.

म्हणून ७७ ते ८३ सेंमी पायाच्या माणसाला ही सायकल चांगली बसते, उंचीत सांगायचं तर साधारण साडेपाच ते पावणेसहा फूट. तरी नुसत्या उंचीवर जाऊ नका. सारख्या उंचीच्या दोघांच्या पायांत चार सेंमीचा फरक सहज निघतो.

उंच माणसाची अडचण बघा. पाय ८६ सेंमी. सीटची उंची पायाच्या ०.८८३ पट लागते, म्हणजे ॲक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ७६ सेंमी. त्यातली ४६ फ्रेमची गेली, सीट आणि तिच्या क्लॅम्पची पाच-सहा गेली, तरी पाइप २४-२५ सेंमी बाहेर काढावा लागतो. पाइपच ३० सेंमीचा! पाइप किमान कुठपर्यंत आत राहायला हवा हे सांगणारी त्यावरची आडवी खूण केव्हाच बाहेर आलेली असते. असा ओढून चालवला की पाइप वाकतो, नाहीतर फ्रेमच्या तोंडाशी चीर पडते. सीट खालीच ठेवली तर गुडघ्याची वाटी दुखायला लागते. या माणसानं १९ किंवा २० इंचीच शोधावी.

बुटक्या माणसाला दुकानदार सांगतो, ‘सीट खाली घेऊ, झालं.’ सीट खाली येते, दांडी आणि हँडल आहे तिथंच राहतं. ७० सेंमी पायाला १६ इंची लागते. १८ इंचीवर हात ताणले जातात, तळव्यांना मुंग्या येतात, मान आखडते. दांडी दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिल्यावर जांघ आणि दांडी यांच्यात निदान ५ सेंमी मोकळी जागा हवी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत चाक चाकोरीत फसलं की पाय एकदम खाली टाकावा लागतो, आणि ही जागा नसेल तर दांडीचा मार बसतो. बिनदांडीच्या लेडीज सायकलीला ही परीक्षा लागूच होत नाही, तिथं हँडलचं अंतरच तपासा: बसल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे.

आठवीतल्या पोराला ‘वाढेल की’ म्हणून १८ इंची घेऊन देतात, ते तर आम्हाला अजिबात पटत नाही. पाय टेकत नाही म्हणून पोरगं ब्रेक मारायच्या आधीच उडी मारतं. आजच्या पायाची सायकल घ्या, सीट वर घ्यायला चार बोटं जागा ठेवा.

पैसे देण्याआधी सीट लावून घ्या. बसा, पायडल सगळ्यात खाली न्या, टाच त्यावर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे आणि कंबर कलायला नको. मग चवडा ठेवून पायडल मारा, गुडघ्यात थोडा वाक राहतो. सीट बरोबर लागली तरी हँडल लांब वाटत असेल तर सीट पुढं सरकवू नका, गुडघ्याची पायडलशी असलेली सरळ रेघ बिघडते. फ्रेमच मोठी आहे, १६ इंची मागवायला सांगा.