क्रोम मारलेली ‘ओरिजिनल’ जोडी: जावावाल्यांनो, जरा थांबा

जुन्या जावा-येझदी मोटरसायकलींच्या पार्टचा बाजार सध्या असा चढलाय की ‘ओरिजिनल सायलेन्सर, जोडी’ एवढं दिसलं की लोक किंमत न विचारता नंबर मागतात. या घाईवरच काहींचं दुकान चालतं. मला अशीच एक जोडी साडेअकरा हजारांना विकली गेली. तिच्यातला एक सायलेन्सर ओरिजिनल नव्हताच. दुसरा होता, पण त्यात मूळचा पत्रा फारसा उरला नव्हता.

म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या १९६१ पासून निघू लागल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. तेव्हापासून कंपनीचा माल म्हणजे कुणाच्या माळ्यावर, नाहीतर गॅरेजच्या मागे भंगारात पडलेला. (२०१८ ला आलेली नवी जावा फोर-स्ट्रोक इंजिनाची, आपली जुनी टू-स्ट्रोक. तिचा सायलेन्सर या गाडीला लागत नाही, तरी तोही कुणीतरी ‘थोडं अ‍ॅडजस्ट करून’ विकेलच.) आपल्या अडीचशे सीसीच्या गाडीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. दोन्ही सारखेच टिकलेत असं क्वचित होतं. एक पडून चेपलेला असतो, दुसरा पोटातून सडलेला. म्हणून जोडीला भाव.

विकणारा बाहेरगावचा, धंदाच जुन्या पार्टचा. फोटोत क्रोम नुसतं लखलखत होतं. “दादा, कंपनीचा माल आहे, फक्त क्रोम नवीन मारलंय. डोळे झाकून घ्या.” आतल्या जाळीचा (आवाज दाबणारी भोकांची नळी) फोटो मागितला, तर म्हणे जाळी जाम आहे, ठोकाठोकी केली तर क्रोमवर ओरखडे येतील. बिल मागितलं, तर जुन्या मालाला कसलं बिल! वर एक भीतीही घातली: ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ (व्हिंटेज गाडीचा) नंबर घ्यायचा तर सायलेन्सर कंपनीचाच लागतो. २०२१ च्या त्या नियमात गाडी मूळ स्वरूपात हवी असं आहे खरं, पण त्यात नाव घेऊन सांगितलंय ते चासी, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या फेरफारांबद्दल. सायलेन्सरचं नावही नाही.

गाडीवर चढवल्यावर जोडी देखणी दिसली, हे मान्य केलंच पाहिजे. पहिल्याच लांबच्या फेरीत कात्रजचा घाट चढून पलीकडे उतरलो, तर डाव्या सायलेन्सरच्या पोटाखाली, इंजिनाकडून येणाऱ्या बेंड पाइपाच्या बाजूला, क्रोमला फोड आलेला. गार झाल्यावर नखाने खरवडला. क्रोमचा पापुद्रा निघाला, त्याखाली तांब्याचा लालसर थर आणि त्याखाली राखाडी, मऊ, थेंब होऊन ओघळलेला धातू. कथील! कल्हईवाल्याच्या भट्टीशी सांडलेलं असतं, अगदी तसं. त्याच्या कडेने काळं ऑइल पाझरत होतं. आमच्या गॅरेजवाल्या चाचांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं आणि चार बोटं रुंदीचा पत्र्याचा तुकडा हातात आला.

त्यांनी सांगितलेली कृती अशी. गंजून भोकं पडलेल्या जागी पातळ पत्रा ठेवायचा, खळगे कथलाने भरायचे, कानशीने सपाट करायचं आणि वरून तांबं, निकेल, क्रोम. क्रोम विजेवर चढतं, त्यामुळे लांबीवर (पुट्टीवर) धरत नाही, कथलावर धरतं. दिसायला काही कळत नाही. पण कथील-शिशाचं मिश्रण २०० अंशांच्या अलीकडेच ढिलं पडू लागतं, आणि टू-स्ट्रोकचा सायलेन्सर पुढच्या बाजूला घाटात तेवढा तापतो.

मग उजवा उघडला. शेपटाकडचा नट फिरवताच जाळी मुकाट्याने बाहेर आली. जाम वगैरे काही नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीच्या जाळीवर कार्बन इतका बसलेला असतो की कॉस्टिक सोड्यात भिजवूनही कोपऱ्यांत राहतोच. इथे माझ्या एका फेरीची काजळी पुसली की खाली कोरा पत्रा. वेल्डिंगची निळी झाक शाबूत, भोकांच्या कडांची धारही तशीच. थोडक्यात, बाजारात मिळणारा नवा डुप्लिकेट, जुन्याबरोबर एकाच हौदात बुडवून रंग जुळवलेला. एक खरा असला की दुसऱ्याबद्दल कुणी विचारत नाही, हीच तर मेख.

फोन केला तर, “तुम्ही गाडी जास्त तापवली असेल.” नंतर नंबर ब्लॉक.

माझं मत आता पक्कं आहे: जुना ओरिजिनल घ्यायचा तर घाणेरडाच घ्यावा. गंज, चेपा, काजळी सगळं दिसू दे. क्रोम आपण आपल्या माणसाकडून मारून घेऊ. आधीच चकाकत असेल तर क्रोमच्या आधीचे फोटो आणि जाळी बाहेर काढतानाचा व्हिडिओ मागा. हातात मिळाला तर पोटावरून लोहचुंबक फिरवा. कथील किंवा पितळ जाड भरलं असेल तिथे पकड सैल पडते. दोन्ही काट्यावर ठेवा. माझ्या जोडीतला उजवा हातालाच हलका लागत होता.

डुप्लिकेट म्हणून विकला जाणारा डुप्लिकेट मात्र मला वाईट वाटत नाही. मला सांगितलेली किंमत निम्म्याहून कमी होती आणि दुकानदार तोंडावर सांगतो की माल लोकल आहे. फक्त आतल्या जाळीचा भरवसा नसतो. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरकडून परत येणारा दाब पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण सिलिंडरात रोखायला मदत करतो. जाळी फार मोकळी असली की ओढ जाते, मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), स्पार्क प्लग पांढरा पडतो आणि पुढे पिस्टन सिलिंडरात अडकायची भीती. म्हणून बसवल्यावर थोडं पळवून प्लग काढून बघा आणि गरज पडली तर कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदला.

माझ्या गाडीवर सध्या तसलीच नवी जोडी आहे. आवाज जरा पत्र्याचा येतो, प्लग तपकिरी आहे, म्हणजे मिश्रण ठीक. कुणाकडे मूळ जोडी पडून असेल तर कळवा, पण कृपा करून धुऊ-पुसू नका; आहे तशी, जाळी बाहेर काढून फोटो टाका.