कोळंबीच्या केसादियासाठी न भाजलेल्या टॉर्टिया घ्याव्यात का?

अमेरिकेतल्या मोठ्या किराणा दुकानांत, दूध-चीजच्या शीतकपाटाशेजारी, मैद्याच्या न भाजलेल्या टॉर्टियांची, म्हणजे पातळ मेक्सिकन पोळ्यांची, पाकिटे मिळतात. लाटून तयार असलेल्या, पण अजून तव्यावर न गेलेल्या या टॉर्टिया घरी कोळंबीचा केसादिया (चीज आणि सारण भरून, दुमडून भाजलेली टॉर्टिया) करण्यासाठी घेण्याजोग्या आहेत का, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. माझे मत अनुकूल आहे, मात्र त्याला एक अट आहे.

कोंबडीच्या किंवा भाजीच्या सारणाला साधी, आधीच भाजून पाकिटात भरलेली टॉर्टिया चालून जाते. कोळंबी किंवा खेकड्याचे मांस मात्र शिजताना आणि शिजल्यावरही पाणी सोडत राहते, आणि पाकिटातली मऊ टॉर्टिया ते पाणी शोषून आतून लिबलिबीत आणि बाहेरून चिवट होते. न भाजलेली टॉर्टिया तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकली की अर्ध्या-पाऊण मिनिटात तिच्यावर फुगे येतात, ती फुलक्यासारखी फुगते आणि तिला पापुद्रे सुटतात. हे ताजे, कोरडे पापुद्रे सारणाचा ओलावा बराच वेळ सोसतात. पाकिटातल्या टॉर्टियापेक्षा हिच्यासाठी मोजावे लागणारे जास्तीचे पैसे या एका गुणामुळे वसूल होतात.

अट अशी की ती आधी दोन्ही बाजूंनी पूर्ण भाजून घ्यावी आणि मगच सारण भरावे. वेळ वाचवण्यासाठी कच्च्या टॉर्टियातच चीज आणि कोळंबी भरून ती दुमडली, तर बाहेरून डाग पडले तरी घडीच्या आत कच्ची कणीक राहते. पाकिटावरच्या सूचनेत भाजण्याची कृती असते. केसादियासाठी ती किती आवश्यक आहे, हे मात्र तिथे कोणी ठसवून सांगत नाही.

उरलेले यश कोळंबीवर अवलंबून आहे. गोठवलेली कोळंबी घेताना घटकांच्या यादीत सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट असेल, तर ते पाकीट परत ठेवावे, कारण या क्षाराने धरून ठेवलेले पाणी पुढे तव्यावरच सुटते. आधीच उकडलेली, गुलाबी कोळंबी तर मुळीच घेऊ नये. दुसऱ्यांदा तापली की ती रबरासारखी होते. कच्ची, साफ केलेली कोळंबी नीट टिपून, मोठ्या आचेवर एका थरात परतावी, पारदर्शकपणा गेला की लगेच उतरवावी, जाळीवर निथळू द्यावी आणि मगच चिरून भरावी. भाजून सोललेली पोब्लानो (मोठी, सौम्य मेक्सिकन) मिरची आणि कांदा हे तिचे जुने सोबती आहेत. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील सिनालोआ राज्यात कोळंबी, चीज आणि मिरचीचा ‘टाको गोबेर्नादोर’ म्हणजे ‘राज्यपाल टाको’ (टाको म्हणजे सारण भरून दुमडलेली टॉर्टिया) लोकप्रिय आहे. 1987 ते 1992 या काळात तिथले राज्यपाल असलेल्या फ्रान्सिस्को लाबास्तिदा यांच्यासाठी तो प्रथम केला गेला, असे सांगतात. मासळीबरोबर चीज ही कल्पनाच ज्या मराठी घरांत नाक मुरडून ऐकली जाते, त्यांनी निदान या मूळ रूपापासून सुरुवात करावी, गोव्याच्या रेशाद मसाल्याचे प्रयोग नंतर करावेत. आंबट, तिखट मसाल्यात चीजची चव हरवते, आणि मग चीज घालण्याचे प्रयोजनच उरत नाही.

चीज मेक्सिकोतल्या वाहाकाचे किंवा अमेरिकेतले मॉन्टेरी जॅक असावे आणि ते घरी किसावे. आयत्या किसाला तो चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेले असते, त्यामुळे तो एकजीव वितळत नाही. साधारण 20 सेंटिमीटर व्यासाच्या टॉर्टियाला 40 ते 50 ग्रॅम चीज पुरे. त्याच्या दोन थरांमध्ये कोळंबी ठेवली की घडी चिकटून बसते. त्यानंतर मंद आचेवर तेल न घालता दोन्ही बाजूंनी खरपूस करावे.

न भाजलेल्या टॉर्टियांचे दोष सांगायचे तर त्या पाकिटाबाहेर थोडा वेळ राहिल्या तरी एकमेकींना चिकटून फाटतात, आणि पाकीट उघडल्यावर काठ लवकर वाळतात; म्हणून लागतील तेवढ्याच काढून बाकीच्या लगेच थंडीत ठेवाव्यात. काही मेक्सिकन टॉर्टियांत डुकराची चरबी असते, तेव्हा ज्यांना ती वर्ज्य आहे त्यांनी घटक वाचूनच घ्याव्यात. ज्यांच्या घरी रोज पोळ्या होतात, त्यांनी मैदा, तेल, मीठ आणि कोमट पाणी घेऊन टॉर्टिया स्वतःच लाटाव्यात. त्यांना हे पाकीट घेण्याचे काही कारण नाही.